गोठ्यातली सुई

"शर्ट काढ," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न बघताच.

मी काढला नाही. मग कंपाउंडरनं काढला. बाजूला दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, दाराशी आई. मी दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. बायका धरतात तसे. डॉक्टरांनी ते बघितलं आणि शिकाऊ पोरांकडे बघून हसले. पोरं हसली. कंपाउंडरही हसला. त्याला तर काय चाललंय ते कळलंही नव्हतं.

तेव्हा मी नववीत होते. थोड्याच दिवसांपूर्वी मी आईला सांगितलं होतं, की तुम्ही मला मुलगा म्हणता, पण मी मुलगी आहे. माझा आवाज अजून फुटला नव्हता. तो कधीच फुटू नये, असं मला वाटायचं. आईनं हे माझ्या वडिलांना, आबांना सांगितलं. आबांनी डॉक्टरांना.

डॉक्टर आमचं गिऱ्हाईक. आबा रोज संध्याकाळी उचगावहून म्हशी घेऊन शहरातल्या दूध कट्ट्यावर जायचे, तिथंच धार काढून दूध विकायचे. डॉक्टर गाडी थांबवून तिथं धारोष्ण दूध प्यायचे. एवढा मोठा माणूस आपल्या म्हशीचं दूध पितो, याचंच आबांना अप्रूप. त्या दिवशी केबिनमध्ये आबा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. खुर्ची मळेल म्हणून.

"काळजी करू नका," डॉक्टर त्यांना म्हणाले. "इंजिन जरा उशिरा तापतंय. पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं देऊ. तालमीत घाला. वर्षात मिशी फुटेल, हे खूळ जाईल."

आबांचा चेहरा उजळला. "व्हय की सायेब. म्हस माजावर येत न्हाय तवा सुई मारली की येती. तसंच हे."

"तसंच."

"मग टोचायला हितं कशाला आणू? म्हशीस्नी मीच टोचतो की."

डॉक्टर खदखदून हसले. "मग काय! घरचाच डॉक्टर."

रक्त तपासलं नाही. मला कुणी एक शब्द विचारला नाही. म्हशीला तरी कोण विचारतं!

तेव्हापासून ठरल्या दिवशी धारा काढून झाल्या की आबा मला गोठ्यात हाक मारायचे. मी दावणीपाशी उभी राहायचे. आई माझा हात धरायची आणि दुसरीकडे बघायची. आबांचा हात हलका होता, खोटं कशाला बोलू. सुई कळायचीसुद्धा नाही. जे दुखायचं ते नंतर. आवाज फुटला. जाडा, घोगरा, परका. हनुवटीवर केस आले. मी आरशात बघणं सोडलं. आबा मात्र शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "गुण आला बघा." त्यांनी मला मारलं असतं, तर मी पळून गेले असते. पण ते मला अंडी उकडून द्यायचे, दुधाचा पहिला पेला माझ्या हातात द्यायचे. अशा माणसापासून पळायचं कसं, हे मला कळत नव्हतं. मला स्वतःच्या अंगातच कोंडल्यासारखं झालं होतं.

एका सकाळी सुई भरून तयार होती. आबांनी सवयीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "हां बाई, हां. झालंच." म्हशीला टोचताना म्हणतात तेच, तसंच. त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आईच्या हातातून हात ओढून घेतला.

"मी दावणीचं जनावर न्हाय, आबा."

"आं?"

"आजपास्नं सुई न्हाय. त्यो डॉक्टर हितं आला तरी न्हाय."

आबा हातातल्या सुईकडे बघत राहिले. "आरं, तुज्या बऱ्यासाठीच की..." आई म्हणाली, "आन् लोकांस्नी काय सांगायचं?"

त्यानंतर सुई बंद झाली. आबांचं माझ्याशी बोलणंही बंद झालं. पहिला पेला आता कुणी देत नाही. कॉलेजला जाताना चुलतभाऊ गेटपर्यंत येतो, सुटताना गेटवर उभा असतो. शिक्षण झालं की लग्न लावून टाकायचं, असं घरात ठरलंय. मुलगी बघताहेत. माझ्यासाठी.

अठरा पूर्ण झाल्यावर एकदा तास बुडवून मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" मला रडूच फुटलं. मग त्यांनी सरळ सांगितलं. ती इंजेक्शनं द्यायलाच नको होती. मुलगी म्हणून जगायचं तर पुढचे उपचार होतील, तपासून, सावकाश, तुझ्या मर्जीनं. पण फुटलेला आवाज औषधानं परत जात नाही.

परत जात नाही, तर राहू दे. उपचार मी घेणार आहे. घर सोडावं लागलं तरी घेणार आहे. पण त्याआधी मला त्या पहिल्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये जायचंय. शिकाऊ पोरं हजर असतील तर बरंच. मी खुर्चीत मागं टेकून बसणार आणि डॉक्टरांनीच दिलेल्या या घोगऱ्या आवाजात सांगणार, "डॉक्टर, मी मुलगी आहे. तेव्हाही होते. तुम्ही मला विचारलं नाही."

ते हसले, तर त्यांचं हसून होईपर्यंत मी बसून राहीन. मग पुन्हा सांगेन.