अण्णाची मेणमाती

अण्णाच्या समाधीत पाणी मुरत नाही.

आज वर्ष झालं. आई रोज सकाळी तांब्या घेऊन शेतात जाते, समाधीवर पाणी ओतते, आणि ते सगळं घरंगळत खाली येतं.

असं का होतं ते मला माहीत आहे. म्हणून लिहितेय. ज्यांना हे वाचणं जमणार नाही त्यांनी इथंच सोडून द्या, मी रागावणार नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. चौसाळ्यात किराणा दुकान आणि हायवेपलीकडे आमची काळी जमीन. दुकान पोटासाठी, शेत हौसेसाठी. आणि उरलेला सगळा वेळ घुशींशी वैर.

घुशी बांध पोखरायच्या, ज्वारीची ताटं आडवी करायच्या. अण्णा बिळाच्या तोंडाशी लोखंडी चाप, म्हणजे पाय पडला की मिटणारा सापळा, पुरायचा आणि वर मातीचा पातळ थर पसरायचा.

पण हिवाळ्यात दव पडायचं. काळ्या मातीचा चिखल व्हायचा, उन्हानं वाळायचा आणि चापावर घट्ट बसायचा. घूस आरामात वरून चालत जायची, चाप काही मिटायचा नाही.

अण्णा असा चिडायचा की विचारू नका. आमच्या घरात माझ्याहून तापट माणूस तो एकच.

मग त्याला फोनवर एक व्हिडिओ सापडला. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातला एक दाढीवाला चापावर घालायच्या मातीत मेण कालवत होता. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी अण्णानं तो इतक्यांदा पाहिला की शेवटी वहिनीनं फोन लपवला.

मी म्हटलं, अरे, त्यांच्याकडे बर्फ पडतो.

"आपल्याकडं बर्फ न्हाई, पण दव हाय ना," म्हणाला.

भर उन्हाळ्यात गच्चीवर माती वाळवली. वहिनीच्या मैद्याच्या चाळणीनं चाळली. दुकानातल्या तुटक्या मेणबत्त्या वहिनीच्याच किसणीवर किसल्या. मग कढईत माती तापवायची, त्यात मेणाचा कीस टाकायचा आणि कणाकणाला लागेपर्यंत हलवत बसायचं.

कढई गेली, किसणी गेली, पोह्यांनासुद्धा मेणबत्तीचा वास यायला लागला. वहिनीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. ह्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मी बघायला गेले तर हात लावू देईना.

"तेलाचा हात हाय तुझा. घुशीला लई वास येतो."

माती जमली तेव्हा त्याचा आनंद बघायला हवा होता. वाटीत माती घेतली, वरून पाणी ओतलं. अळवाच्या पानावरून पळावं तसं पाणी पळालं. बोट घालून दाखवलं, आत माती कोरडी ठणठणीत. मग काय, साखर न्यायला आलेल्या गिऱ्हाईकालाही आधी हा प्रयोग बघावा लागायचा.

आम्ही तिला मेणमाती म्हणायला लागलो.

त्या हिवाळ्यात एकही चाप अडकला नाही. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात त्यानं पोती भरून मेणमाती केली आणि शेतातल्या शेडमध्ये रचून ठेवली.

ती वापरायची वेळ आली आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

बीडला दवाखान्यात नेलं. आतडं फुटलंय, लगेच ऑपरेशन करायचं, तोवर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आई उशाशी होती. अण्णा सारखं पाणी मागत होता.

"आई, घोटभर दे गं. कुणाला सांगत न्हाई मी."

आईनं दिलं नाही. ओला कापूस ओठांना लावला, तेवढाच.

ऑपरेशननंतर अण्णा शुद्धीवर आलाच नाही.

डॉक्टरांचं बरोबर होतं. आईचंही बरोबर होतं. हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. तिच्या डोक्यात एकच बसलंय, पोरगं तहानलेलं गेलं.

आमच्यात पुरतात. जागा शेतातच धरली. सगळ्यात वरचा थर आपल्या शेतातल्या निवडक मातीचा घालायचा, ही आमच्या घराण्याची रीत. चुलतभाऊ माती आणायला गेले. शेडमध्ये पोती दिसली. चाळलेली, मऊ, एक खडा नाही. त्यांना वाटलं, अण्णानंच चांगली माती निवडून ठेवलीय, त्याला तीच घालू.

मनापासून आणली हो त्यांनी. आम्ही सगळ्यांनी ओंजळीनं घातली. म्हातारी माणसं म्हणाली, काय सोन्यासारखी माती हाय.

तिसऱ्या दिवशी आईनं पाणी ओतलं. पाणी पळालं. तिनं पुन्हा ओतलं, पुन्हा पळालं.

"कावून घेईना गं? रुसलाय का माझ्यावर?"

मी खाली बसले, चिमूटभर माती नाकाशी धरली. मेणबत्तीचा वास.

तिथंच रडू कोसळलं मला. तिला सगळं सांगितलं. चुलतभावांना तोंड कुठं लपवावं कळेना. वरचा थर खरवडून काढू म्हणाले. वडीलधारे म्हणाले, दिलेली माती परत काढत नाहीत. आईही आडवी आली.

"आता त्याला हलवू नगा."

वाटलं, उन्हाळ्यात मेण वितळून जाईल. वितळलं असेल, पण गेलं नाही, आणखी आत बसलं. वाटलं, पावसाळ्यात तरी वाहून जाईल. पाऊसच दोन्ही अंगांनी वाहून गेला. भोवती हरळी माजलीय. समाधीवर गवताची काडी नाही.

आईला आता सगळं कळतं. मेण, चाप, दव, सगळं. तरी रोज तांब्या भरते.

आज सकाळी मी तिच्याबरोबर होते. तिनं पाणी ओतलं. ते खाली येऊन तिच्याच पायाशी थांबलं.

"पोरी, ह्ये मेण किती वर्षं टिकतं गं?"

मला माहीत नाही. हे ज्याला माहीत होतं तो खाली आहे.

अण्णा, एखादं तरी काम कच्चं करायचं होतंस रे.

आईच्या हातचं घोटभर पाणी घे आता. माझी श्रद्धांजली एवढीच.