सिनेमाशी दावा मांडलेली आत्या

पडद्यावर मरायला निघालेल्या माणसाला वाचवायला धावणारी अख्ख्या बेंगळुरूत एकच बाई आहे आणि ती माझी आत्या आहे, हे मी ताठ मानेने सांगते. सिनेमात कुणाला एचआयव्ही झाल्याचं कळलं की आत्या खुर्चीत सावरून बसते. "आता बघ, हा खोकणार." तो खोकतो. "आता गच्चीवर जाऊन एकटाच उभारणार." तो उभा राहतो. व्हायोलिन सुरू झालं की मात्र तिला राहवत नाही आणि ती भर थेटरात ओरडते, "अरे, गोळ्या सुरू करा की त्याच्या! आणि स्वल्प जेवायला घाला!" एकदा पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून "अक्का, सिनेमा आहे हा," असं समजावलं. आत्याने त्यांच्या हातावर चिवडा ठेवला आणि म्हणाली, "म्हणून तर सरी, म्हंजे दुरुस्त, करता येतंय की!"

हा राग उगाच नव्हता. मी शाळेत होते तेव्हापासून आत्याला स्वतःलाच एचआयव्ही आहे. रात्री जेवून गोळी घ्यायची, सकाळी उठून राजाजीनगरचा बाजार गाजवायचा. अंगाने चांगली भरलेली, आवाज त्याहून भरलेला. पण घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी बेळ्ळंदूरच्या माझ्या ऑफिसातला एक पुण्याचा सहकारी आमच्याच स्वयंपाकघरात छोटा सिनेमा करायला आला. एचआयव्ही झालेल्या बाईची गोष्ट. त्या कामाला एक काटकुळी मुलगी, डोळ्यांखाली काजळी फासलेली. आत्याला शेजारणीचं काम. "काकू, डबा लांबूनच ठेवा हं, ती शेवटी जाते," त्याने समजावलं.

"कशानं जाते?"

"एचआयव्ही आहे ना तिला."

आत्याने डबा ओट्यावर ठेवला. "मलाही आहे."

दारात गल्लीतल्या चार बायका शूटिंग बघत उभ्या होत्या. सहकारी कसाबसा म्हणाला, "पण काकू, तुम्ही तशा दिसत नाही."

"तशा म्हणजे कशा? मी दिसते, तशाच दिसतात."

शूटिंग तिथंच थांबलं. तो दुपारभर तिच्यासमोर बसून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काकू, हे काम तुम्हीच करा." आत्याने एकच अट घातली: शेवटी मरणार नाही. खालच्या मजल्यावरून येणारं सांबार त्या दिवसापासून बंद झालं. आत्या म्हणाली, "असू दे, मीठ जास्तच असायचं."

के. आर. पुरमच्या एका हॉलमध्ये तो सिनेमा दाखवला. शेवटी पडद्यावरची आत्या शिळ्या पालकावरून भाजीवाल्याला धारेवर धरते आणि पिशवी सावरत चालू लागते. लोक उभे राहिले. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या होत्या.

परतताना रिक्षात आत्याने माझा हात धरला. म्हणाली, "तुझ्या आतोबांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी तसलाच एक मरणाचा सिनेमा बघितला होता गं. घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. औषध सुरू करायला शेवटपर्यंत तयारच झाले नाहीत. त्यांना हा बघायला मिळाला असता तर..."

राजाजीनगर येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.