आमच्या वर्गातले दोन दत्ता माने

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'आपल्या वर्गातला दत्ता माने गेला.' वर्गात दत्ता माने दोन होते, एक अकलूजचा आणि एक सांगोल्याचा. अकलूजचा माझा जिवलग. मी काही न विचारता त्याचाच फोटो टाकून श्रद्धांजली वाहिली आणि सात रस्ता चौकात गाडी बाजूला घेऊन रडलो.

थोड्या वेळात त्याचाच फोन. "आरं, मी जित्ता हाय की! हितं आई रडायला लागली."

मला एवढा आनंद झाला की लगेच ग्रुपवर लिहिलं, 'वाचलो रे! आपला दत्ता नाही, सांगोल्याचा होता.' खाली हसण्याचे इमोजी आले. 'पार्टी दे,' असंही कुणी लिहिलं.

मग वैशालीचा मेसेज आला. ती सांगोल्याच्या दत्ताची चुलत बहीण, आमच्याच वर्गातली. 'तो आमचा हाय. अजून घरातच हाय.'

मी तिला फोन करून माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "दुपारी माती हाय. ये."

अंत्यविधीला जाऊन आलो. आता त्याच्याबद्दल दोन ओळी लिहायला बसलोय, तर काहीच आठवत नाही.

वर्गातल्या कुणाला तो आठवतोय का?