चौथी भाकरी

जालन्याच्या लॉजमधल्या टीव्हीच्या रिमोटला सेल नव्हते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात रिमोटच्या सेलचा उल्लेख नाही, ही मानवजातीची गंभीर चूक आहे, असं मी मॅनेजरला सुनावलं. तो म्हणाला, "सेल घड्याळात टाकले, साहेब. लोक टाइमच जास्ती विचारून राह्यले." युक्तिवाद बिनतोड होता.

तसाही मी टीव्ही बघायला आलो नव्हतो, टीव्हीवर दिसलेल्या बाईंच्या हातचं जेवायला आलो होतो. एका परदेशी स्वयंपाक-स्पर्धेची मराठी आवृत्ती लागायची, आठवतंय? त्यात केदारखेड्याच्या शोभाताई शेवटच्या आठांत पोहोचल्या आणि एका भाकरीपायी बाहेर पडल्या. परातीएवढ्या पांढऱ्या बशीत रुपयाएवढ्या तीन भाकऱ्या मांडायच्या होत्या. विषम आकडा डोळ्यांना बरा दिसतो, हा तिकडचा नियम. ताईंनी चार मांडल्या. मी याच ब्लॉगवर लिहिलं, 'बाईंना चव कळते, तीनपर्यंत मोजता येत नाही.' ओळ तुफान फिरली. माझी आई तिसऱ्या पोळीसोबत चौथीचा तुकडा वाढायची, हे मला लिहितानाही आठवत होतं. पण टाळ्याही ऐकू येत होत्या.

सकाळची भोकरदनची एसटी धरा आणि डावीकडची खिडकी पकडा. उजवीकडे ऊन भाजतं. केदारखेड्याला उतरलं की रस्त्यालगतच ताईंची पत्र्याची खानावळ. ताट शंभर रुपये. बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि ठेचा. पहिल्याच घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली.

दोन भाकऱ्या झाल्यावर मी म्हणालो, "अजून एक द्या."

ताईंनी दोन आणल्या. "तीन वाढत न्हाई आमच्यात."

"तेवढ्यापायीच टीव्हीतून गेली की," गल्ल्यावरून त्यांचे सासरे बोलले. "वरून कोन्या शहाण्यानं लिव्हलं, हिला मोजता येत न्हाई. परवा भोकरदनचे लग्नाची दोनशे पानांची ऑर्डर घेऊन आल्ते. मोबाइलवर तेच वाचलं अन् मागं फिरले. म्हने, पानं कमी पडली तर?"

"दुसरा आचारी मिळाला त्यांना?"

"कुठून? शोधूनच राह्यले."

डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यावर ढकलता आलं असतं. "तो शहाणा मीच," मी म्हणालो.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला नव्यानं बघितलं. ताईंनी चौथी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

"मंग ही बिलकुल टाकायची न्हाई. खा."

पोटात जागा नव्हती. खाल्ली. निघताना सासऱ्यांकडून लग्नघरचा नंबर मागून घेतला.

ठेचा दोन दिवस सोबत राहिला. घरी आल्यावर ब्लॉगवरची ती जुनी ओळ उघडली. पुसली नाही, खाली तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलं, 'भाकऱ्या चार होत्या आणि चारच हव्या होत्या.' मग दार लोटून भोकरदनला फोन लावला.

"शोभाताईंच्या ऑर्डरबद्दल बोलायचं होतं."

"तुम्ही त्यांचे कोन?"

"कोणी नाही. ज्यानं ते लिहिलं, तो. मोजायला मी चुकलो होतो, त्या नव्हे."

पलीकडे भांड्यांचा आवाज. "थांबा, नवरदेवाच्या आईला देतो. तिला सांगा बराबर."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.