गाईच्या पंख्याखाली आबा

नव्वदच्या दशकात भर मे महिन्यात बारामतीकडे हौसेने निघालेली मी एकटीच असेन. पण सांगवीहून माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीचं, शोभाचं पत्र आलं, ‘उजनी धरणाचं पाणी उतरलंय, पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलंय. ये.’ निघाले!

स्वारगेटहून सकाळची सोलापूर एसटी घ्यावी. तेव्हा तिकीट पन्नासच्या नोटेत बसायचं. पळसदेवला भेगाळलेल्या गाळावरून चालत देवळापर्यंत गेले, परतून रस्त्याकडेच्या खानावळीत चिलापी माशाचं झणझणीत कालवण चापलं. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "असलं ऊन पूर्वी नव्हतं बाई. मासं बी खोल पाण्यात दडत्यात. आमची जाळी रिकामी."

पुढे भिगवणमार्गे बारामती, तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने सांगवी. मी दुपारी दोनला पोचले, शुद्ध मूर्खपणा. तुम्ही अकराच्या आत पोचा.

शोभाच्या घरात पंखा नव्हता. म्हणजे होता, पण गोठ्यात! उन्हाने संकरित गाईचं दूध कमी होतं, म्हणून एकुलता एक पंखा तिच्या डोक्यावर. त्याखालीच बाजेवर शोभाचे सासरे, आबा, टोपी डोळ्यांवर ओढून पडलेले.

स्वयंपाकघरात शोभाने खरी भानगड सांगितली. गेल्या उन्हाळ्यात उसाला पाणी देताना आबा कोसळले. दोन दिवस शुद्ध नव्हती. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे उन्हाने गेले. डॉक्टरांनी दुपारी बाहेर पडायला बंदी केली, पण ऐकतील ते आबा कसले!

"पंखा आणला तर म्हणाले, मी काय दूध देतो व्हय? मग गाईलाच लावला. म्हटलं, आबा, दुपारी तुमी जवळ नसला की ती संध्याकाळी पान्हा चोरती, दूध सोडत न्हाय. तवापासून बारा ते चार ड्युटीवर हायत!" हसून हसून माझी पुरेवाट झाली.

दुसऱ्या दुपारी ताकाचा तांब्या घेऊन मी गोठ्यात गेले. आबा जागेच होते.

"पोरी, जन्म गेला माझा जनावरांत. आधी मेंढरं, मग गाई. पान्हा कशानं चोरती, मला कळत न्हाय व्हय?"

"मग इथं कशाला बसता?"

"गेल्या साली सूनबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत हुती. बसतो झालं. तिला सांगू नको."

पुण्याला परतले ती पाठभर घामोळं घेऊन, पण स्वारी खूश होती. पुढे उन्हाळे वाढतच गेले आणि मी दर मे महिन्यात धास्तीने सांगवीच्या पत्राची वाट पाहायचे. आबांनी त्यानंतर कितीतरी उन्हाळे काढले. गेले ते ऐन थंडीत, झोपेत.

शोभे, म्हणून आता सांगते. आबांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं.