गाणं बंद पडलं की जायचं

जठारपेठेतल्या कॅसेटवाल्या चाचांनी ती कॅसेट मला जवळजवळ फुकटच दिली. सीडी आल्या होत्या, त्यांना फळी रिकामी करायची होती. "ले जाव बाई, अमरीका की तीन औरतें हैं. पुराने सब हिट गाने. यहाँ कोई पूछता नहीं."

मी ती धाकट्या बहिणीसाठी घेतली. तिला दर्यापूरकडच्या खेड्यात दिलेलं. लागोपाठ दोन हंगाम कपाशी गेली, नवरा सुरतेला कामाला गेला आणि बहिणीचं बोलणं हळूहळू बंद झालं. दर रविवारी मी अकोल्याहून तिच्याकडे जायची. साबण, गोळ्या, चहापत्ती, अशी यादी करूनच निघायची. त्या रविवारी यादीत कॅसेट लिहिली.

तिला ती फार आवडली. शब्द आम्हा दोघींनाही कळत नव्हते, पण गाण्याची रीत कळायची. आमच्याकडे भजनात पुढची बाई ओळ म्हणते आणि मागच्या तीच ओळ धरतात. या तिघींचं तसं नव्हतं. पुढची कळवळून काही सांगायची आणि मागच्या दोघी तिला उत्तर द्यायच्या. कधी समजूत काढल्यासारखं, कधी नुसता हुंकार. खाली टाळ्यांचा ठेका असा, की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायचा.

"पुढची रडून राहिली अन् मांगच्या टाळ्या वाजवून राहिल्या," बहीण म्हणाली. "सासरच्याच दिसतात."

कितीतरी दिवसांनी ती हसली होती. भिंतीपलीकडून तिची थोरली जाऊ ओरडली, "आयकू येते मले!"

त्या वर्षांत आमच्याकडच्या बायका फवारणीचं औषध कुलपात ठेवू लागल्या होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण घरोघरी किल्ल्या बायकांच्या कमरेला आल्या. बहिणीकडच्या औषधाची किल्ली जावेकडे असायची. त्या पहाऱ्यात या गाण्यांची भर पडली.

"तिच्या इंग्रजी बायांनी डोकं उठवलं माह्यं," जाऊ मला म्हणायची. "पन वाजते तवरी जिवाले बरं वाटते. बंद पडलं का मी हातचं टाकून जातो."

कॅसेटची एक बाजू संपली की शांतता. मग खट् असा आवाज आणि दुसरी बाजू सुरू. बहीण उठली, चालली, तिनं कॅसेट उलटली, एवढं त्यातून कळायचं. त्या शांततेत जाऊ लाटणं हातात धरून थांबायची. मीही तिथे असले की थांबायची.

पोळ्याला बहिणीचा नवरा आला तो नवा टेप घेऊन. कॅसेट न काढता दुसरी बाजू आपोआप वाजवणारा. बायकोला सारखं उठावं लागू नये म्हणून त्यानं तो आणला आणि चार दिवस राहून परत गेला.

"आता बंदच पडत नाही, बाई," जाऊ खुशीत म्हणाली. मलाही बरंच वाटलं.

नंतरच्या एका रविवारी मी पोचले तेव्हा जाऊ अंगणात भांडी घासत होती. फवारणीचे दिवस होते, माणसं शेतात होती. "जा आत, सकाळपासून वाजून राहिलं," ती म्हणाली.

आत टेप वाजत होता. चूल थंड होती. भात तसाच झाकलेला. मी हाक मारली. मागच्या दोघींनी ओ दिल्यासारखं गाणं पुढे गेलं.

बहीण गोठ्यात होती, भिंतीला टेकून बसलेली. फवारणीसाठी सकाळीच बाहेर काढलेला डबा तिच्या मांडीशी होता. झाकण उघडं.

माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "गानं सुरू होतं नं? मंग काहून आली, ताई?"

माझ्या हाकेनं जाऊ धावत आली. तिनं डबा लांब फेकला, बहिणीचं तोंड हुंगलं, पदर हुंगला. सगळ्या गोठ्यालाच औषधाचा वास होता, काही कळेना. "घेतलं का? खरं सांग, घेतलं का?"

"नाही घेतलं."

ती तेच म्हणत राहिली. दर्यापूरपर्यंत जीपमध्ये ती आमच्या दोघींच्या मधे होती. डबा किती भरलेला होता ते जावेला आठवत नव्हतं. जीपवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी जोरात सोडली. दोन्ही बाजूंना कपाशी होती, माणसं पाठीवर पंप घेऊन ओळीनं फवारत चालली होती.

बहिणीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "मले झोप येऊन राहिली, ताई."

"झोपू नको," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. दवाखाना येईपर्यंत दुसरं काही बोललोच नाही.