भंडारदऱ्याला ठरवलेली जीप

आमच्या न्हावऱ्यात जीप भाड्यानं ठरवली की ती ठरवणाऱ्याची राहत नाही. तिघं जाणार असतील तर उरलेल्या जागा गावाच्या. कुणाला आळेफाट्याला सोडायचं असतं, कुणाची मावशी वाटेवर असते, कुणाला नुसतंच यायचं असतं. "गाडी रिकामीच चाललीय की," एवढं म्हटलं की काम झालं. हे ठाऊक होतं म्हणूनच मी कितीतरी दिवस आधीपासून घरात बजावत होते, की ही जीप माझी आहे. माझ्या पगारातून, माझ्या कामासाठी ठरवलेली. तिच्यात मी, आई आणि आप्पा. चौथं माणूस नाही.

काम काय, तर दगड बघायचा.

हसायचं तर हसा. तेव्हाही सगळे हसलेच होते. दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. मी तळेगाव ढमढेऱ्यात एका शाळेत भूगोल शिकवत होते. दर वर्षी शाळा उघडली की फळ्यावर दख्खनच्या पठाराचा छेद काढायचा. जमिनीला भेगा, त्यातून वर आलेला लाव्हा, तो थंड होऊन झालेला थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मुलं वहीत रंग भरायची. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, बाई, हे थर तुम्ही कुठं पाहिलेत? मी म्हटलं, पुस्तकात. वर्ग हसला नाही, पण मला फार झोंबलं. आमच्याकडं जमीन सपाट, ऊस आणि कांदा. विहीर खणताना काळा दगड लागतो आणि सुरुंग लावावा लागतो, एवढाच आमचा आणि ज्वालामुखीचा संबंध. जे आपण कधी पाहिलं नाही ते मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेत होते.

मग शाळेतल्या एका बाईंची बहीण राजूरला दिलेली होती, तिच्या ओळखीनं तिथला एक गाईड मिळाला. पुण्या-मुंबईच्या लोकांना डोंगर दाखवण्याचा त्याचा धंदाच होता. एसटीडी बूथवरून मी त्याला फोन केला आणि स्पष्ट सांगितलं, मला देऊळ नको, होडी नको, बाजार नको. डोंगर आतून कसा आहे ते दिसेल अशा जागी न्या. तो म्हणाला, मग घाटघरला चला. भंडारदरा धरणाच्या पाण्याला वळसा घालून रस्ता कड्यापाशी जातो, आणि तिथं डोंगर सुरीनं कापल्यासारखा खाली कोकणात उतरतो. थर पार तळापर्यंत दिसतात. फक्त दुपारच्या आत पोचायला हवं. दुपारी कोकणातून ढग चढतात आणि मग पुढचं माणूससुद्धा दिसत नाही.

हे मी घरी सगळ्यांना सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं. ढग येतात, दुपारच्या आत पोचायचंय.

दसरा होऊन गेला होता. पहाटे मी पंजाबी ड्रेस घातला, खडकावर चालायला म्हणून मुद्दाम घेतलेले कॅनव्हासचे बूट घातले आणि बाहेर आले, तर जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी मामा बसलेला. कडक इस्त्रीची टोपी, मांडीवर मिठाईचा पुडा. मामा आदल्या संध्याकाळी पाबळहून सहज आला होता. माझा मामा आयुष्यात कधी कुठं सहज गेलेला नाही, पण हे मला त्या पहाटे सुचलं नाही. मी नुसतीच चिडले. तेवढ्यात आई मोरपंखी साडी घेऊन आली आणि म्हणाली, फोटो काढायचे तर साडी नेस, ड्रेसमध्ये लहान पोरीसारखी दिसतेस. आमच्या घरात कॅमेरा नव्हता. मी तसं म्हणाले. आई म्हणाली, गाईडाकडं असंल. निघायला उशीर होत होता म्हणून मी भांडले नाही, साडी नेसले. बूट मात्र काढले नाहीत. मोरपंखी साडीखाली पांढरे बूट घालून मी मागच्या सीटवर बसले आणि शिरूर येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

आळेफाटा सोडून ब्राह्मणवाड्याच्या बाजूला लागलो तसा माझा राग उतरत गेला. डोंगर जवळ आले. त्यांच्या अंगावर आडव्या पायऱ्यांसारख्या रेघा दिसायला लागल्या, तसं मी आप्पांना सांगायला लागले की ही प्रत्येक पायरी म्हणजे एकेक थर. आप्पा प्रत्येक वेळी मान डोलवत होते आणि प्रत्येक वेळी मामाकडं बघत होते. राजूरला गाईड चढला. पन्नाशीचा, किडकिडीत, बडबड्या. धरण इंग्रजांनी कसं बांधलं, पाण्यात कोणत्या कड्याची सावली पडते, हे त्यानं सुरूच केलं. धरणाकाठच्या शेंडी गावाला पोचलो आणि झाडांमधून ते पाणी दिसलं. निळंशार, आणि त्याच्या पलीकडं काळ्या कड्यांची रांग. मला खरंच बरं वाटलं. वेळही हातात होता.

तिथंच मामानं जीप थांबवायला लावली. चहा घेऊ म्हणाला. गाईड म्हणाला, घाटघरला मिळेल की चहा. मामा म्हणाला, इथं आपल्या ओळखीची माणसं आहेत, पाचच मिनिटं.

पाण्याकाठी एका हॉटेलची हिरवळ होती. तिच्यावर खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. एका बाजूला एक गृहस्थ, त्यांच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला मुलगा आणि त्याची आत्या बसलेली. मामा लांबूनच म्हणाला, योगायोग बघा. ते गृहस्थही म्हणाले, व्हय, योगायोगच. मंडळी तिथल्याच अकोले गावाकडची होती, मुलगा रांजणगावला एका कंपनीत होता. मामानं हे सगळं मला न विचारता सांगितलं. गाईड जीपला टेकून उभा राहिला आणि आकाशाकडं बघायला लागला.

मी घड्याळाकडं बघत चहा पीत होते. एवढ्यात आत्याबाई मला म्हणाल्या, "पानी आनतीस का गं तिकडनं जरा?" पाण्याचा नळ हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला होता. भरलेला तांब्या त्यांच्यापुढंच होता. मी तरी उठले, वडीलधारं माणूस मागतंय म्हणून. अर्धी वाट चालून गेले आणि लक्षात आलं की मागं कुणीच बोलत नाहीये. मी वळून पाहिलं. सगळे माझ्या पायांकडं बघत होते.

आमच्या भागात ही पद्धत आहे. एखाद्या मुलीला तीन-चार ठिकाणांहून नकार आला, की पुढं तिला सांगून दाखवत नाहीत. मला दौंडच्या स्थळानं नाकारलं होतं, त्याआधी आणखी दोघांनी. मग लग्नात, जत्रेत, कुणाच्या तरी अंगणात दोन घरची माणसं सहज भेटतात. मुलीला काही माहीत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. जमलं तर साखर वाटायची, नाही जमलं तर कुणी कुणाला बघायला आलंच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ त्यांची आणि झाकलेली मी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामाच्या खटपटी मला नव्या नव्हत्या, पण हा दिवस माझा होता. मी गाडी ठरवली, मी माणूस शोधला, मी बूट आणले, आणि यांनी त्या गाडीत बसून मला बाजारात नेलं. वर चाल कशी आहे तेही बघून घेतलं. तरीही मी पाणी भरून आणलं, कारण तिथं भांडले असते तर आप्पांची मान खाली गेली असती. मी पेला आत्याबाईंपुढं ठेवला. त्यांनी तो प्यायलाही नाही.

मग मुलाच्या वडिलांनी विचारलं की शाळा तळेगावला म्हणजे रांजणगावपासून येणं-जाणं कसं करायचं. माझं तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "सोडंल की नोकरी. त्यात काय."

आप्पा धरणाच्या पाण्याकडं बघत होते. आई पदराशी चाळा करत होती. ती नोकरी मी डीएड रडत-रखडत, मग बीए बाहेरून करून मिळवलेली. ती मामानं चहाच्या बशीवर ठेवून देऊन टाकली.

मी उठले. गाईडला हाक मारून म्हटलं, चला, ढग यायच्या आत पोचायचंय.

मामा म्हणाला, "अगं बस की, पाव्हणे बसल्यात."

"पाहुणे सहज भेटलेत ना, मामा? मग मीही सहज निरोप घेते."

मामाची पंचाईत झाली. मला थांब म्हणायचं तर कशासाठी ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर सगळा डावच उघडा पडणार. कुणी बघायला आलेलंच नव्हतं, मग मी उठून गेले तर कुणाचं काय बिघडत होतं? त्यांच्याच रीतीनं त्यांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसला. पांढऱ्या शर्टातला मुलगा उभा राहून मला नमस्कार करायला लागला. तो बिचारा काही वाईट नसेल. मला त्याच्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

ड्रायव्हर आप्पांकडं बघत घुटमळला. मी म्हटलं, गाडी कुणी ठरवलीय? त्यानं जीप सुरू केली. आणि गाडी हलताना आई, साडीचा घोळ हातात धरून, धापा टाकत येऊन माझ्याशेजारी बसली. पोरगी एकटी दोन परक्या गड्यांबरोबर चालली, म्हणून. माझ्यासाठी नव्हे.

घाटघरच्या रस्त्यावर तिनं मला सोडलं नाही. तुला कोण करून घेणार, आप्पांचं वय झालं, भावजय आली की तुला कोण विचारतंय, असं सगळं. गाईडची बडबडही बंद पडली होती. परतताना मात्र सगळे जीपमध्ये असून त्या चहाबद्दल कुणीच बोललं नाही. न्हावऱ्यापर्यंत नाही, पुढंही कधी नाही. माझ्यावर ओरडायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं. अकोल्याहून नंतर काही निरोप आला की नाही, तेही मला कुणी सांगितलं नाही.

कड्यावर पोचलो तेव्हा ढग चढलेले होते. समोरच्या डोंगराचा वरचा भाग तेवढा दिसत होता. काळ्या दगडाचे जाड थर, मध्ये तांबूस पट्टी, पुन्हा काळा थर, आणि तिथून खाली नुसतं पांढरं. गाईड म्हणाला, बाई, तासभर आधी आलो असतो तर तळापर्यंत दिसलं असतं. मी फळ्यावर जो छेद काढायची तो समोर उभा होता आणि त्याचा खालचा अर्धा त्या चहानं खाल्ला होता. जे दिसत होतं ते मी बघितलं. डोळे फाडून बघितलं. पण बघताना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मला बघू दिलं नाही, हेच डोक्यात घणघणत होतं.

आई कड्यापासून लांब, एका खडकावर बसली होती. आधी म्हणाली, "हे बघायला व्हय एवढा आटापिटा?" मी तिच्याकडं पाहिलं नाही.

मग ती म्हणाली, "मला भीमाशंकरला नेतो म्हनून घोडेगावला उतरवलं व्हतं."

मी वळले. ती माझ्याशी बोलत नव्हती, समोर बघत होती. "माझ्या बानं, तुझ्या आज्यानं. तिथं एका घरात आडाचं पानी शेंदायला लावलं. मी शेंदलं. मग हातावर साखर ठिवली आन् गाडी माघारी फिरवली."

"आणि भीमाशंकर?"

"न्हाई बघितलं अजून."

आईच्या माहेरापासून, पाबळपासून भीमाशंकर किती लांब? सकाळच्या एसटीनं गेलं की संध्याकाळी घरी. आप्पा दर श्रावणात जातात, येताना पेढे आणतात. आई ते पेढे शेजारीपाजारी वाटते. मला तिची कीव यायला हवी होती. नाही आली, राग आला. मी म्हटलं, हे सगळं तुझ्यावर गुदरलेलं, आणि तरी तू मला साडी नेसवून त्या हिरवळीवर आणून बसवलंस?

"मी दादाला म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "आधी तिला तिचा दगुड बघू दे, मंग दाखव. त्यो म्हनला, तवर तिची साडी मळंल."

तिनं एवढंच मागितलं होतं. माझ्यासाठी तिला एवढंच मागता आलं, आणि तेही तिला मिळालं नाही.

मग तिनं गाईडला विचारलं, भीमाशंकर इथून कोणत्या अंगाला आलं. त्यानं दक्षिणेकडं हात केला. तिकडं ढगाशिवाय काही नव्हतं. आई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि त्या ढगाला हात जोडले.

"झालं माजं," ती म्हणाली. "चल आता. तिकडं मान्सं ताटकळल्यात."

मी त्या ओल्या खडकावर फतकल मारून बसले. तिचा हात धरून तिलाही खाली बसवलं. म्हटलं, ताटकळू देत.